सहाव्या आठवड्यात बाटलीतून फेसाचं कारंजं: सामान धुऊनही बिअर बिघडतेय, चूक कुठे?

कडूघोट (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

घरच्या बिअरच्या सलग दोन बॅचेस एकाच पद्धतीने बिघडल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं छान, आणि सहाव्या आठवड्यात झाकण उघडलं की अर्धी बाटली सिंकमध्ये. लागेल ती माहिती आधीच देतो, म्हणजे प्रश्नोत्तरांत वेळ जायला नको.

बॅच १९ लिटरची (५ गॅलन). क्रम असा: पेल एल (उत्तम), मग सैझों (बेल्जियन पद्धतीची कोरडी बिअर; तीही उत्तम), मग पुन्हा दोन पेल एल, आणि या दोन्ही बिघडल्या.

बाटल्या भरताना ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, उरलेल्या साखरेचा अंदाज देणारी) १.०१२, सलग तीन दिवस तेवढीच. साखर म्हणून १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज दोन कप पाण्यात उकळून, बादलीत आधी ते ओतून त्यावर बिअर सोडली.

चव सुरुवातीला व्यवस्थित. आता पातळ आणि कोरडी लागते, मागून लवंगेसारखा वास येतो. आंबटपणा अजिबात नाही.

सफाई: गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ स्पंज. नंतर स्टार सॅन (न धुता वापरायचं सॅनिटायझर), ५ गॅलन पाण्याला १ औंस, दोन मिनिटं. पाणी नळाचं, थोडं जड आहे.

सामान: फर्मेंटर म्हणून झाकणाची प्लास्टिकची बादली, बाटल्या भरायला तोटी लावलेली दुसरी बादली, ऑटो-सायफन (बिअर उपसायची पिस्टनची नळी), विनाइलची नळी, टोकाला स्प्रिंग असलेली भरण्याची दांडी, ३५५ मिलीच्या तपकिरी बाटल्या.

स्टार सॅन दुप्पट करू का? की सगळं सामान फेकून नवीन आणू?

चुना_लावतो

एवढं कशाला? ब्लीच वापरा. गॅलनला एक मोठा चमचा, वीस मिनिटं भिजवा, मरतं सगळं. लवंगेचा म्हणताय तो वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचाच असणार.

तोटीवाला

आधी बाटल्यांचं बघा, सामानाचं नंतर. तुमचं वर्णन वाचून त्या बाटल्यांजवळ उघड्या डोळ्यांनी जाऊ नका असं सांगावंसं वाटतं. गॉगल, जाड हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट. सगळ्या बाटल्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या खोक्यात ठेवून खोकं फ्रिजमध्ये किंवा गराजमधल्या थंड कोपऱ्यात. पूर्ण एक दिवस गार झाल्याशिवाय एकही उघडायची नाही. थंडीने दाब उतरतो आणि आतलं काम मंदावतं, थांबत मात्र नाही. त्यामुळे ‘फ्रिजमध्ये आहे, राहू दे’ म्हणून चार महिने ठेवू नका.

मग एक बाटली गार असतानाच सिंकमध्ये उघडा. त्यातली बिअर दोन ग्लासांत इकडून तिकडे ओतत राहा, पार सपाट होईपर्यंत. खोलीच्या तापमानाला आली की हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं तरंगणारं मापक) टाका. बुडबुडे काचेला चिकटले तर हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो, म्हणून गोल फिरवून वाचा. आकडा इथे लिहा, पुढचं त्यावरून बोलू.

चुनासाहेब, वासाबद्दल थोडी गल्लत होतेय. क्लोरीनमुळे येतो तो क्लोरोफिनॉलचा वास: दवाखान्याचा, जखमेवरच्या चिकटपट्टीचा. तो पहिल्या दिवसापासून असतो आणि त्याने बाटलीतला गॅस वाढत नाही. लवंगेचा वास यीस्टचा, आणि तो इथे आठवड्यांगणिक वाढतोय. वासाबरोबर गॅसही वाढतोय, याचा अर्थ आत काहीतरी जिवंत आहे.

ब्लीचही आता सुचवू नये असं माझं मत. नीट धुतलं नाही तर तेच क्लोरोफिनॉल बिअरमध्ये जातं, आणि अब्जांशात मोजण्याइतकं असलं तरी जिभेला कळतं. स्टीलला ब्लीचने खड्डे पडतात ते वेगळंच. आणि एक धोका ठळक सांगतो: स्टार सॅन आम्ल आहे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. एकाच सिंकमध्ये दोन्ही ठेवणंसुद्धा नको.

कडूघोट

उघडली. तीन वेळा मोजली, १.००७.

सातू_सरदार (लीड्स)

१.०१२ वरून १.००७ म्हणजे बाटलीत बंद झाल्यावर पाच पॉइंट आणखी आंबलं. एका पॉइंटला (०.००१ ला) ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम गॅस धरा; एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका वायू. पाचाचे अडीच, आणि तुमच्या साखरेचे मिळून झालेले सुमारे अडीच. एकूण पाचच्या आसपास. साध्या बिअरच्या बाटलीत तीनच्या पुढे जायचंच नसतं. तोटीवाल्यांनी सांगितलेला गॉगल काढू नका.

साखर जास्त पडली, नीट मिसळली नाही, किंवा आंबणं पूर्ण व्हायच्या आधीच बाटल्या भरल्या, या तीन नेहमीच्या शंका. तिन्ही इथे बसत नाहीत. साखर मिसळली नसती तर काही बाटल्या फुसक्या निघाल्या असत्या. जास्त पडली असती तर तिसऱ्या आठवड्यातच कळलं असतं. आणि ग्रॅव्हिटी तीन दिवस हलली नव्हती. म्हणजे तुमच्या एल यीस्टला खाता येईल तेवढं त्याने खाल्लं होतं. उरले ते डेक्स्ट्रिन, लांब साखळ्यांची साखर. साधं यीस्ट ते पचवू शकत नाही. आता कोणीतरी ते पचवतंय.

त्या ‘कोणीतरी’चं नाव तुमच्याच यादीत आहे: सैझों. पाकिटावर बारीक अक्षरात ‘डायास्टॅटिकस’ लिहिलंय का बघा. सैझोंची बरीच यीस्ट या जातीची असतात. ही जात बिअर यीस्टचीच भावकी, फक्त तिच्या काही वाणांत एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर ती ग्लुकोअमायलेज हे विकर पेशीबाहेर सोडते, डेक्स्ट्रिन तोडते आणि सुटलेला ग्लुकोज खाते. काम सावकाश चालतं, म्हणून तिसऱ्या आठवड्यात पत्ता लागत नाही आणि सहाव्यात कारंजं. लवंगेचा वास आणि पातळ, कोरडी चव यांचाही उलगडा यातच होतो. सैझोंमध्ये हेच सगळं गुण म्हणून मिरवतं, कारण तिथे आपणच त्याला बोलावलेलं असतं.

ओळखायची ढोबळ खूण सांगून ठेवतो, पुढे इतरांना उपयोगी पडेल. ताकासारखा स्वच्छ आंबटपणा म्हणजे लॅक्टोबॅसिलस. लोण्याचा वास, आणि बिघडलेल्या दह्याला सुटते तशी तार, म्हणजे पीडिओकॉकस. व्हिनेगर म्हणजे अॅसिटोबॅक्टर, आणि त्याला हवा लागते, तेव्हा झाकणाची फट किंवा फळमाश्या शोधा. पृष्ठभागावर सुरकुतलेली पांढरी साय दिसली तर ब्रेट किंवा तत्सम जंगली यीस्ट. यांतलं काहीही तुम्हाला दिसलं नाही, म्हणून माझा संशय पक्का.

आता मुद्दा हा की सैझोंचं यीस्ट दोन बॅचेस टिकलं कसं. याचं उत्तर तुमच्या सफाईच्या ओळीत आहे, स्टार सॅनच्या ओळीत नाही. स्टार सॅन दुप्पट करणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. सॅनिटायझर उघड्या, स्वच्छ पृष्ठभागावर काम करतं. वाळलेल्या यीस्टच्या आणि प्रथिनांच्या थराखाली ते पोचत नाही, आणि दोन मिनिटांत तर नाहीच. शिवाय ठरल्या प्रमाणापेक्षा घट्ट केलं की ते ‘न धुता वापरा’ प्रकारात राहत नाही. तुम्ही घालताय ते १९ लिटरला ३० मिली अगदी बरोबर आहे.

तोटीवाला

सातू सरदारांशी सहमत. आणि थर कुठे असेल यावर मी पैज लावतो: बाटल्या भरायच्या बादलीच्या तोटीत.

ती तोटी एकसंध दिसते, पण नसते. आत फिरणारी पोकळ कांडी आणि बाहेरचं कवच असे दोन भाग असतात. दोघांच्या मधल्या फटीत प्रत्येक वेळी बिअर शिरते आणि तिथेच राहते. बादली कितीही घासा, तोटी लावलेली असेल तर ते कुकरची रिंग न काढता कुकर धुतल्यासारखंच.

काढायची पद्धत: आतला नट सोडवा, तोटी बादलीतून काढा, दोन्ही बाजूंचे वॉशर वेगळे करा. तोटी पाच मिनिटं गरम पाण्यात (५५ ते ६० अंश) ठेवा म्हणजे प्लास्टिक सैल पडतं. मग चमच्याच्या मागच्या टोकाने आतली कांडी खालून वर दाबा, टक् आवाज होऊन बाहेर येते. आत काय दिसतं ते सांगा. नाश्ता झाल्यावरच उघडा.

कडूघोट

पाकिटावर डायास्टॅटिकस लिहिलेलं आहे, अगदी तळाशी.

तोटी उघडली. कांडीभोवती तपकिरी, बुळबुळीत पट्टा, नखाने निघतोय. नटाच्या बाजूच्या वॉशरखालीही तसाच. बाहेरून चकचकीत होती हो!

आता हे सगळं नीट धुवायचं कसं, ते क्रमाने सांगाल का? आणि काय ठेवू, काय फेकू?

सातू_सरदार (लीड्स)

फेकायचं: तोटी, वॉशर, विनाइलची नळी, भरण्याची दांडी. या चार गोष्टी स्वस्त आहेत, त्या वाचवण्यात वेळ घालवू नका. बादलीच्या आतून दिव्याचा झोत तिरका टाका. ओरखडे दिसले तर बादलीही गेली, कारण ओरखड्यात ब्रश जात नाही. गुळगुळीत असेल तर ठेवा. ऑटो-सायफनचा पिस्टन ओढून काढा, त्याच्या टोकाचा रबरी सील बदलता येतो, तो बदला.

ठेवायचं ते सगळं असं धुवा.

पहिलं, साबण बंद. भांड्यांच्या लिक्विडमध्ये सुगंध असतो, तो प्लास्टिकमध्ये मुरतो, आणि साबणाचा अंश राहिला की फेस टिकत नाही. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेट असलेली बिनवासाची पावडर (ऑक्सिक्लीन फ्री चालते) किंवा पीबीडब्ल्यू ही बिअरच्या सामानासाठीची धुण्याची पावडर. प्रमाण लिटरला ८ ते १० ग्रॅम, पाणी ५५ ते ६० अंश. त्याहून गरम नको, ऑटो-सायफन वाकडा होतो. बादली काठोकाठ भरा, सुटे भाग आत बुडवा, अर्धा तास. वाळलेला थर असेल तर रात्रभर. पावडर पाण्यात पडली की ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात, थर सैल करायचं निम्मं काम ते करतात. म्हणून द्रावण दर वेळी ताजं करा. कालचं द्रावण म्हणजे नुसता धुण्याचा सोडा.

नंतर मऊ फडकं. हिरवी घासणी प्लास्टिकला लावायची नाही, तारेची तर मुळीच नाही.

दुसरं, गरम पाण्याने दोनदा आणि गार पाण्याने एकदा खळबळून घ्या. हात फिरवा. निसरडं लागतंय तोवर सोडा शिल्लक आहे. तो राहिला तर आम्लाचं सॅनिटायझर तिथल्या तिथे मारलं जातं.

तिसरं, जड पाण्यामुळे परकार्बोनेटचा पांढरा क्षार बसला असेल तर लिटरला १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड (लिंबूफूल), वीस मिनिटं, मग पाणी.

चौथं, सॅनिटायझर. यीस्टशी गाठ आहे म्हणून पुढच्या दोन-तीन बॅचेसना स्टार सॅनऐवजी आयोडोफोर (आयोडीनचं सॅनिटायझर) घ्या असं माझं मत: १२.५ पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग), म्हणजे नेहमीच्या बाटलीतलं साधारण १५ मिली १९ लिटरला, दोन मिनिटं, मग निथळू द्यायचं. बाटलीवरचं प्रमाण वेगळं असेल तर ते पाळा. रंग फिकट चहासारखा असतो, तो उडाला की आयोडीन संपलं असं समजा. प्लास्टिक पिवळं पडतं, पडू द्या.

धातू आणि सिलिकॉन या दोघांना मात्र रसायनापेक्षा उकळतं पाणी बरं. १५ मिनिटं खळखळून उकळा. त्यासाठीच नवीन नळी विनाइलची न घेता सिलिकॉनची घ्या.

पितळीपंप (पुणे)

मायक्रोब्रुअरीतलं सांगतो, प्रमाण वेगळं पण तत्त्व तेच. टाकीला आधी पाणी, मग साधारण २ टक्के कॉस्टिक सोडा ७० ते ८० अंशांवर अर्धा तास फिरवायचं, पाणी, नायट्रिक-फॉस्फरिकचं आम्ल, पुन्हा पाणी, आणि भरायच्या आधी पेरअॅसेटिक अॅसिड १५० ते २०० पीपीएम. यात सॅनिटायझर शेवटी येतं. आधीच्या पायऱ्यांत टाकी अन्न-पेशी-क्षारमुक्त झालेली असते, म्हणून ते इतक्या थोड्या प्रमाणात पुरतं.

आम्लाची पायरी का, तर बिअरचा दगड. कॅल्शियम ऑक्सलेट, प्रथिनं चिकटून झालेला राखाडी, खरखरीत थर. एकटा सोडा त्याला काढत नाही. घरी स्टीलचा फर्मेंटर किंवा केग (बिअरचं स्टीलचं पिंप) असेल तर पाच-सहा बॅचेसनंतर आम्लाचा एक हात फिरवा.

कॉस्टिक घरी आणू नका. डोळे जातात. अॅल्युमिनियमच्या भांड्यात हायड्रोजन सुटतो. आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत गरम कॉस्टिक सोडलं तर ते वायू शोषून घेतं, आत निर्वात होतं आणि टाकी चेपते. केगही त्याच नियमात येतो.

केगवाल्यांसाठी: दोन्ही पोस्ट (नळ्या जोडायची तोंडं) पान्याने काढा, पॉपेट (आतली स्प्रिंगची झडप) वेगळा करा, डिप ट्यूबवरची (तळापर्यंत जाणाऱ्या नळीवरची) छोटी ओ-रिंग विसरू नका. बिअरच्या नळाची लाइन दर १४ दिवसांनी सोड्याच्या क्लीनरने आणि तीन महिन्यांनी आम्लाने, हा अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या मार्गदर्शनातला नियम आहे, तो घरच्या नळालाही लावा.

बाकी, भरवशाच्या कारखान्यातही जंगली यीस्ट शिरतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये बिअर बिघडली तेव्हा एमिल हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, त्यामागे हेच दुखणं होतं.

नवखा_पुणेकर

वाचून हुरूप आला. पुण्यात घरी एखादी छोटी बॅच लावता येईल का?

पितळीपंप (पुणे)

नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यासाठीही नाही. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती वापराला मुभा आहे: एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विक्री बंद. तिथेही शेवटची दोन राज्यं, अलाबामा आणि मिसिसिपी, २०१३ मध्ये राजी झाली. इथे सामान धुवायचा सराव आंबिलीच्या भांड्यावर करा.

कडूघोट

सामान मागवलं. तीन शंका उरल्यात. (१) बाटल्यांचं काय? (२) स्टार सॅन जड पाण्यात दुधाळ होतं, ते बाद समजायचं का? (३) नवीन तोटी आली तरी रोग गेला हे कळणार कसं? पुन्हा सहा आठवडे वाट बघायची?

तोटीवाला

(१) काच वाचते. प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून तळ बघा. तळाला कडं दिसलं तर परकार्बोनेटमध्ये रात्रभर आणि बाटलीचा ब्रश. मग डिशवॉशरमध्ये डिटर्जंट न घालता सर्वांत गरम चक्र, किंवा ओव्हनमध्ये तोंडाला फॉइल लावून १७० अंशांना एक तास. चढवताना आणि उतरवताना सावकाश, नाहीतर तडकतात. पाच व्हॉल्यूम सोसलेल्या बाटल्या मी पुन्हा वापरल्या नसत्या, पण तो तुमचा निर्णय. पुढे मात्र ग्लासात ओतल्याबरोबर लगेच तीनदा गरम पाण्याने खळबळून उलटी ठेवायची, हे दहा सेकंदांचं काम रात्रभर भिजवण्याचा त्रास वाचवतं.

(२) दुधाळपणा हा निकष नाही, पीएच आहे. पट्टीवर ३ किंवा खाली असेल तर चालेल, ३.५ च्या वर गेलं की ओता. डिस्टिल्ड पाण्यात केलं तर कित्येक आठवडे टिकतं. फवाऱ्याची अर्ध्या लिटरची बाटली भरायला ०.८ मिली लागतं, ते बिनसुईच्या सिरिंजने मोजा, अंदाजाने नको. फेस राहिला तर पुसू नका, त्याने बिअरला काही होत नाही.

(३) यावर सातू सरदार सांगतील, त्यांची ती खास युक्ती आहे.

सातू_सरदार (लीड्स)

युक्ती कसली, कारखान्यातली जुनी चाचणी आहे. दोन ठिकाणी लावा.

यीस्ट टाकायच्या आधी, गार झालेला १०० मिली वॉर्ट (आंबवायच्या आधीचा सातूचा गोड काढा) उकळलेल्या बरणीत घ्या, फॉइल सैलसर लावा, २५ ते ३० अंशांत ठेवा. एका दिवसात गढूळ झाला किंवा बुडबुडे आले तर भांड्याचा व्हॉल्व्ह, चिलर (वॉर्ट गार करायचं साधन) किंवा तिथली नळी घाण आहे. तीन दिवस स्वच्छ राहिला तर तिथवर सगळं ठीक. मग फेकून द्या, चाखू नका. तुमच्या बाबतीत हा वॉर्ट बहुतेक स्वच्छच राहील, कारण रोग बाटल्या भरताना लागत होता.

म्हणून दुसरी चाचणी. बाटल्या भरायच्या दिवशी शीतपेयाच्या दोन प्लास्टिक बाटल्या घ्या, सॅनिटाइझ करा. एक सरळ फर्मेंटरमधून उकळलेल्या नळीने भरा, तिच्यात ३५५ मिलीला २.२ ग्रॅम डेक्स्ट्रोज. दुसरी नेहमीसारखी बादलीतून, तोटीतून. दोन्ही २५ अंशांच्या आसपास ठेवा, काचेच्या बाटल्यांपेक्षा थोडं उबदार, म्हणजे निकाल लवकर लागतो. रोज दाबून बघा. दोन आठवड्यांत दोन्ही सारख्याच कडक होतील. पुढे तोटीवाली दगडासारखी होत गेली आणि दुसरी तशीच राहिली तर बादलीच्या बाजूला अजून काही शिल्लक आहे. दोन्ही दगड झाल्या तर फर्मेंटरची बादली, झाकणाची रबरी रिंग, किंवा एअरलॉकचा (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) ग्रोमेट, म्हणजे भोकातली रबरी कडी. तोही काढून उकळता येतो.

एअरलॉकमध्ये साधं पाणी घालत असाल तर तेही बदला. वॉर्ट गार होताना आत ओढ बसते आणि ते पाणी बिअरमध्ये उतरतं. तिथे स्टार सॅन किंवा व्होडका.

आणि धान्य दळायची गिरणी फर्मेंटरच्या खोलीत चालवू नका. सातूच्या सालावर लॅक्टोबॅसिलस मुळातच असतात, पीठ उडालं की तासन्‌तास तरंगतं.

कडूघोट

गिरणी गराजमध्ये हलवली. सैझों सोडायची मात्र इच्छा नाही. तिच्यासाठी वेगळी बादली ठेवली तर चालेल?

तोटीवाला

बादली पुरणार नाही. तोटी, नळी, दांडी, सायफन, एअरलॉक, ग्रोमेट, नमुना काढायची पिचकारी, सगळ्याचा दुसरा संच. प्रत्येकाला लाल चिकटपट्टी, आणि तो संच वेगळ्या खोक्यात. स्टीलची पातेली आणि चिलर सामायिक चालतील, ते उकळीतून जातात. चिलर उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी भांड्यात सोडला की झालं. हायड्रोमीटरची नळी सामायिक ठेवली तरी हरकत नाही, फक्त मोजलेला नमुना परत बादलीत ओतायचा नाही.